धर्म की भावार्थ? तुमचे अनुभव लिहा

मी डिचोलीचा, घरात मराठी-कोंकणी दोन्ही. शेजारच्या अंकलच्या मयताला इगर्जीत बसलो होतो आणि पाद्री सारखं 'भावार्थ', 'भावार्थी' म्हणत होते. मला वाटलं कवितेचा भावार्थ सांगतायत की काय, शाळेत मार्कांना असायचा तसला! बाहेर आल्यावर कळलं, ख्रिस्तांव कोंकणीत भावार्थ म्हणजे श्रद्धा. तेव्हापासून डोक्यात बसलंय, ख्रिस्ती माणसाला धर्म वेगळा आणि भावार्थ वेगळा वाटतो का? प्रवचन नको, वाद नको, घडलेलं लिहा.

म्हापसेकर: आमची आई मिलाग्रीसच्या फेस्ताला, म्हणजे इथल्या चर्चच्या सणाला, तेलाची बाटली घेऊन जाते, दरवर्षी. सायबीण, म्हणजे मारियामाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, मग बहिणीकडे जायला कसली परवानगी, असं तिचं. एकदा रांगेत मागच्या बाईने विचारलं तुम्ही हिंदू ना, तर आई म्हणाली होय, आणि बाटली धरा जरा, पदर सावरते.

वास्कोची काकू: आम्ही मूळ नगरचे, प्रोटेस्टंट, मिस्टरांच्या पोर्टातल्या नोकरीमुळे इथं. ख्रिश्चन असून घरात मराठी बोलते हे इथं कुणाला पटेचना, शेजारीण म्हणाली अगो पण नाव तर हिंदूंचं! आम्ही रेव्हरंड टिळकांची भजनं पेटीवर म्हणणारे, इथं मेणबत्त्या, लदीन म्हणजे ती गाऊन म्हणायची प्रार्थना, सायबिणीची मूर्ती घरोघर फिरते, मला ते सगळं कर्मकांड वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग मिस्टर गेले. आमच्या चर्चच्या मंडळीतून फोन आले, दोन आठवडे आले, मग बंद. पण रोज सकाळी दाराच्या कडीला पावाची पिशवी अडकवणारी तीच कॅथलिक शेजारीण, तीन महिने, आणि पाव नाही हं, आठवणीने कोंड्याची पोई, कारण मला शुगर. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे, शुद्ध धर्म म्हणजे अनाथ आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. ओळ लहानपणापासून पाठ, संडे स्कूलात बक्षीस मिळालेलं. एक दिवस पोई हातात घेताना लक्षात आलं की यातली विधवा मी आहे.

सेमिनारी सोडलेला: काकू, तुम्ही दोन ओळीत सांगितलंत ते आम्हाला पाद्री व्हायच्या शाळेत वर्षभर शिकवत होते. धर्माला लॅटिन शब्द 'रेलिजिओ', तो कुठून आला यावरच भांडण, रोमन सिसेरो म्हणतो पुन्हा पुन्हा नीट वाचण्यातून, ख्रिस्ती लेखक लाक्तान्तियुस म्हणतो देवाशी बांधण्यातून. मग स्विस ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल बार्थ, तो तर म्हणाला धर्म म्हणजेच अविश्वास, माणसाने स्वतःच्या हिमतीवर देवाला पकडायचा खटाटोप. आणि जर्मन पाद्री बोनहोफर, नाझींच्या तुरुंगातून 1944 साली मित्राला लिहितोय की धर्माशिवायचा ख्रिस्ती कसा असेल, पुढच्या एप्रिलात फाशी. हे वाचून मी इतका पेटलो की घरी येऊन मामीला म्हटलं लदीन बंद करा. मामी म्हणाली, बरं, आधी चणे शिजलेत का बघ. तेव्हा राग आला होता. आता दर मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लदिनीतलं 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी विनंती कर) मीच ओढतो, व्हायोलिनवाला दोन सूर वर असला तरी. चर्चमध्ये मिसाला मात्र क्वचित जातो.

फोंड्याहून: आमचे लोक 1928 च्या शुद्धीत परत हिंदू झाले. पणजी मंगळागौर जागवायची, पण वीज कडाडली की हात आपोआप कपाळ, छाती, खांदे. कुणी हसलं की चिडायची. यापेक्षा जास्त मला माहीत नाही.

सावंतवाडी-पेडणे: हे सगळं गोड गोड वाचून बरं वाटलं, पण लग्नाचा विषय काढा की मग बघा धर्म कुठे असतो ते. मी काढला होता. असो.

म्हापसेकर: काकू, पोदेर अजून पाव घेऊन दारावर येतो तुमच्याकडे?

वास्कोची काकू: येतो की, साडेसहाला, भोंपू वाजवत. शेजारणीला आता गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, तिचे चार पाव पण मीच घेते. पैशांवरून रोज भांडतो.