अंगणातलं तण घालवायला व्हिनेगर-मीठ-साबण खरंच चालतं का?

बावधनची_बाग
नमस्कार मंडळी, आमचं बावधनला रो हाऊस आहे, पुढे पार्किंगला पेव्हर ब्लॉक, मागे छोटं अंगण, त्यात थोडी शहाबादी फरशी आणि कडेने जास्वंद, कढीपत्ता, लिंबू वगैरे. पाऊस सुरू झाला की बघता बघता सगळीकडे गवत, ब्लॉकच्या फटीतसुद्धा. माळीदादा म्हणतात औषध मारून टाकू, एकदम साफ होईल, पण घरात रांगतं बाळ आणि कुत्रा, दोघंही जमिनीवर दिसेल ते तोंडात घालणारे, त्यामुळे औषधाला घरातून ठाम नकार आहे. व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतोय, व्हिनेगर, मीठ आणि भांडी घासायचं लिक्विड एकत्र करून फवारायचं की तण मुळासकट जातं म्हणे. तर प्रमाण काय घ्यायचं, मीठ बारीक की खडे मीठ, आणि लिंबाला काही होणार नाही ना? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

खुरपं_आणि_चहा
ताई, त्यातलं मीठ आधी बाजूला ठेवा. व्हिनेगर मातीत पडलं की थोड्या दिवसांत त्याचं विघटन होऊन जातं, मीठ कुठे जात नाही, ते तिथेच बसतं नाहीतर पावसाच्या पाण्याबरोबर उताराला जातं आणि बहुतेक घरांत उताराला काय असतं, तर झाडांचा वाफा. लिंबूवर्गीय झाडांना खारं पाणी मुळीच सोसत नाही, आधी पानांची टोकं करपतात मग पानगळ. आणि तुमच्याकडे काळी माती असेल तर अजूनच वाईट, मिठातलं सोडियम मातीचे कण सुटे करतं, मग ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, शेतकरी ज्याला चोपण जमीन म्हणतात ती आपण स्वतःच्या हाताने अंगणात तयार करायची.

आता व्हिनेगर. किराणा दुकानात मिळतं ते चार टक्क्यांच्या आसपास ॲसिटिक ॲसिड असतं. ते पान जाळतं, मूळ नाही. नुकती उगवलेली, दोन-चार पानांची रोपं त्याने खरंच मरतात, पण जून गवत वरून पिवळं पडतं आणि खालून परत फुटतं. व्हिडिओ संध्याकाळीच कापतात, पंधरा दिवसांनी काय झालं ते कुणी दाखवत नाही. करायचंच असेल तर एक लिटर व्हिनेगर पाणी न घालता आणि त्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड (पानावर मेणाचा थर असतो, त्याच्यामुळे थेंब घरंगळून जातो, साबणाने तो चिकटून राहतो, रिठ्याचं पाणी घातलं तरी तेच काम होतं). कडक ऊन असलेल्या दिवशी, वारा नसताना, फक्त तणाच्या पानांवर. जास्वंदीवर उडालं तर तीही करपणार, त्याला तण आणि झाड यातला फरक कळत नाही.

कोथरूडचा_काका
वरच्यांशी सहमत, एक भर घालतो. शहाबादी फरशीवर व्हिनेगर अजिबात मारू नका!! ती चुनखडीच, ॲसिड पडलं की बुडबुडे येतात आणि पांढरट डाग पडतो तो घासून जात नाही. पेव्हर ब्लॉकही सिमेंटचे, वारंवार मारलं तर त्यांचाही वरचा थर खडबडीत होतो. फटींसाठी सगळ्यात स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे उकळतं पाणी. चहाची किटली घ्यायची, तोंड फटीच्या अगदी जवळ नेऊन हळूहळू धार सोडत पुढे सरकायचं, पानं लगेच गडद हिरवी होऊन मान टाकतात, पालक उकळत्या पाण्यात टाकल्यावर होतो तशी. दुसऱ्या दिवशी वाळलेलं जुन्या चाकूने खरवडून काढा. जुनाट गवताला आठ-दहा दिवसांनी परत एकदा द्यावं लागतं. वाफ्यात मात्र ओतू नका, गांडुळं शिजतील. आणि पायात बूट घाला, चप्पल नको, बाळाला आत ठेवा.

मुरूमवाला_धायरी
मी जरा उलट बोलतो, मिठाला एवढी शिव्याशाप नकोत. गाजर गवतासाठी 15 ते 20 टक्के मिठाचं पाणी फवारायची शिफारस आहेच की, फुलं यायच्या आधी. आमच्या प्लॉटच्या बाहेर रस्त्याकडेला आम्ही तेच करतो, खडे मीठ गोणीने स्वस्त पडतं आणि तिथे पुढे काही लावायचं नाहीये.

खुरपं_आणि_चहा
@मुरूमवाला ती शिफारस पडीक जागेसाठी आहे दादा, लिंबाच्या आळ्यापासून चार हातांवर नाही. आमच्या शेजारच्या सोसायटीत कंपाउंडच्या कडेने पोतंभर मीठ टाकलं होतं, तण गेलं आणि पाठोपाठ पलीकडची मेंदीची कुंपणओळही गेली, आता तिथे काहीच येत नाही, तणसुद्धा नाही, त्यामुळे तसं बघितलं तर उपाय यशस्वी 😄

मातीत_हात
सगळे उपाय सांगतायत पण तण कोणतं आहे हे कुणी विचारलंच नाही. ताई, वाफ्यातल्या एका गवताची काडी बुडाशी धरून बोटांत फिरवून बघा, गोल लागते की कडा लागतात? आणि खाली खणलं तर काय दिसतं?

बावधनची_बाग
आत्ताच बघून आले. तीन कडा लागतात! पानं चकचकीत, खाली काळसर गाठी आहेत, बारीक दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. एक गाठ फोडली तर उटण्यासारखा वास आला. पुढच्या फटींमध्ये मात्र वेगळं आहे, बारीक पानांचं दुधी टाइप, तोडलं की पांढरा चीक येतो, आणि ती आंबट पानांची तिपानी.

मातीत_हात
मग झालं, वाफ्यात लव्हाळा आहे. वास ओळखीचा वाटणारच, उटण्यात घालतात तो नागरमोथा म्हणजे हाच किंवा याचाच भाऊबंद. याच्यावर व्हिनेगर, गोमूत्र, बेकिंग सोडा, काहीही मारा, तो फक्त केस कापून घेतो. जीव त्या गाठींमध्ये आहे. नुसता उपटला तर काडी हातात येते आणि साखळी तुटून मागे राहिलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब काढते, म्हणजे एकाचे चार. पाऊस पडून गेल्यावर माती भुसभुशीत असताना खुरपं तिरकं खाली घालून मातीसकट ढेकूळ उचला आणि हाताने गाठी वेचून काढा, बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटातच असतात. त्या कंपोस्टमध्ये टाकू नका, फरशीवर उन्हात कडकडीत वाळू द्या.

नंतर नवीन कोंब दिसला की लगेच काढायचा, पानं मोठी होऊन गाठीत परत अन्न साठायच्या आत. आणि त्याला सावली सोसत नाही, हा त्याचा खरा वीक पॉइंट. मोकळ्या मातीवर पुठ्ठ्याचे खोके उघडून (चिकटपट्टी काढून) एकमेकांवर चढतील असे अंथरा, भिजवा, वर चार-सहा इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट. पातळ प्लास्टिक टाकू नका, लव्हाळ्याचं टोक ते भोसकून वर येतं. लिंबाच्या खोडाला वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओलीने बुंधा कुजतो. मधल्या मोकळ्या जागेत रताळ्याचे वेल लावले तर तेही जमीन झाकतात, वर रताळी मिळतात ती वेगळी.

सासवडची_सून
त्या आंबट तिपानीला आमच्याकडे आंबुशी म्हणतात, ती मारताय कशाला, चटणी करा. घोळ आली असेल तर डाळ घालून पातळ भाजी. टाकळा कोवळा असताना परतून कांदा-खोबरं घालून, आणि टाकळा दाट वाढला की गाजर गवताला जागा देत नाही हा एक फायदा. फक्त जिथे काही फवारलंय किंवा कुत्रा जातो तिथलं खाऊ नका 🙏 दुधी मात्र काढून टाका, चीक डोळ्यांत गेला तर आग होते.

कोथरूडचा_काका
गाजर गवताचा विषय निघालाच आहे तर, देशात ते पसरतंय हे पहिल्यांदा लक्षात आलं ते 1955 च्या सुमारास आपल्या पुण्यातच, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. पुणेकरांनी याचा अभिमान बाळगायचा की नाही ते आपापलं ठरवा. दिसलं तर फुलं यायच्या आधी हातमोजे घालून उपटा, अंगाला खाज सुटते आणि परागकणांनी काहींना दमा उठतो. त्यावर पिवळट, काळ्या रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते ह्याच कामासाठी मेक्सिकोहून आणलेले आहेत, फुकटात पानं खातात.

बावधनची_बाग
बापरे, एवढं सगळं! मीठ कॅन्सल. किटली आणि खुरपं ठरलं. माळीदादांना काय सांगू पण, ते औषधावर अडून बसलेत. आणि ते म्हणतात नाहीतर ब्लिचिंग पावडर टाकू, शेवाळही जाईल.

खुरपं_आणि_चहा
औषध म्हणजे ग्लायफोसेट (तणनाशक) असेल तर त्यांना सांगा की 2022 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरतं मर्यादित केलं होतं. आणि ब्लिचिंग पावडर टाकलेल्या जागी व्हिनेगर चुकूनही नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. शेवाळाला ताठ काड्यांचा खराटा पुरतो. माळीदादांना औषधाच्या खर्चाइतकेच पैसे खुरपणीचे द्या, बघा विरोध किती टिकतो ते.

मातीत_हात
आणि एप्रिलमध्ये परत इथे या. रिकामा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत दाबून ताणून लावायचं, चार ते सहा आठवडे, मे महिन्याच्या उन्हात खालची माती एवढी तापते की वरवरचं बहुतेक बी मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी त्यातूनही वाचतात, पण बाकीची खुरपणी निम्म्यावर येते. काळं नाही, पारदर्शक. दुकानदार काळंच पुढे करेल.