चष्म्यातली नाडी आणि बागेतला सौदा

द्राक्षबागेत सौदा करताना शेतकऱ्याच्या स्मार्ट चष्म्यातला कॅमेरा चेहऱ्यावरून नाडी मोजतो, म्हणून व्यापाऱ्याचं खोटं तिथल्या तिथे पकडेल, असा एक दावा आहे. त्यातला पहिला अर्धा भागच खरा. त्वचेच्या रंगात, मुख्यतः व्हिडिओतल्या हिरव्या रंगाच्या घटकात (हिरव्या चॅनेलमध्ये), होणाऱ्या सूक्ष्म बदलांवरून नाडी काढता येते. पण व्हिडिओच्या १० सेकंदांच्या तुकड्यावर साधं वारंवारता-विश्लेषण (बदल किती वेगाने पुन्हा पुन्हा होतो ते शोधणं) केलं तर नाडी मिनिटाला ६-६ ठोक्यांच्या टप्प्यांतच कळते. भाव सांगताना दोन सेकंद धडधडलं तर ते सरासरीत विरून जातं. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषतं, सिग्नल आणखी क्षीण. त्यात मार्चमधली पिंपळगावची द्राक्षबाग, मांडवातून हलणारं कवडसं-सावलीचं जाळं आणि माणूस घड चाखत मान हलवतोय! शिवाय नाडी वाढली तरी कारण ऊन की लबाडी, हे कळत नाहीच. प्रामाणिक माणूसही संशय घेतला की घाबरतो.

माणसं नुसत्या निरीक्षणाने खोटं ओळखतात ते सुमारे ५४ टक्के वेळा, म्हणजे छापा-काट्याच्या जरा वर. चष्मा वापरायचाच असेल तर चेहरा सोडा, काचेवर ॲगमार्कनेटचा (बाजारभाव देणारं सरकारी संकेतस्थळ) ताजा भाव, व्यापाऱ्याचं मागचं बोलणं आणि त्याच्या परवान्याचा तपशील दाखवा. मग अनपेक्षित प्रश्न टाका: माल कुठल्या कोल्ड स्टोरेजला, गाडी कुणाची, पैसे कुठल्या खात्यातून?