मदत हवी आहे: रमी नोज टेट्रांचा लाल रंग उतरतोय

नमस्कार मंडळी. ९० लिटरच्या मत्स्यटाकीत १२ कार्डिनल टेट्रा आणि ८ रमी नोज टेट्रा असे छोटे, थव्याने राहणारे मासे आहेत. कार्डिनल मजेत आहेत, लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत ठसठशीत. काळजी आहे ती रमी नोजची. लालभडक दिसणारं त्यांचं तोंड आता फिकट गुलाबी झालंय. रात्री अंधारात टेट्रांचे रंग उतरतात हे ठाऊक आहे, पण इथे भर दुपारीही तेच.

पाणी तपासलं: अमोनिया, नायट्राइट शून्य; नायट्रेट २० पीपीएम, तापमान २६ अंश, पीएच ७.८ (म्हणजे किंचित अल्कधर्मी). दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते, क्लोरीन काढूनच. खाणं व्यवस्थित, अंगावर पांढरे ठिपके नाहीत.

मला खटकतं ते त्यांचं वागणं. एरवी हा थवा टाकीभर फिरतो आणि एकदम वळतो, किती देखणं दिसतं ते! आता सगळे मागच्या कोपऱ्यात घट्ट दाटून बसतात. निवांत मासे थोडे सैल पोहतात, म्हणून ही जवळीक मला भीतीचीच वाटते.

संशय सजावटीच्या दगडांवर आहे. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर त्यांच्यातून बुडबुडे आले, म्हणजे चुन्याचा अंश असणार आणि तो विरघळून पाण्यातले क्षार आणि पीएच वाढत असणार. रमी नोज तर मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ (कमी क्षारांच्या), आम्लधर्मी पाण्यातले.

दगड एकदम काढू की एकेक करून? पीएच झपाट्याने बदलला तर कार्डिनलनाही त्रास व्हायचा. आणि थवा मोठा केला तर ते धीट होतील, की आधी पाणी सुधारू? ज्यांनी रमी नोज दीर्घकाळ सांभाळलेत त्यांनी कृपया सांगा.