कासव आणि गोगलगाय, दोघांना धोका एकसारखाच का?

सातवीतलीची आई: लेकीला प्रोजेक्टमध्ये संकटातल्या दोन प्राण्यांची तुलना करायचीय, एक समुद्रातला, एक जमिनीवरचा. कासव लगेच ठरलं, कारण मार्चमध्ये कोकणात वेळासला कासवं बघायला जाऊन आलोय. सकाळी सात वाजता घरट्यावरची टोपली उचलली तर खाली वाळूतून बाहेर आलेली काळपट इवलीशी पिल्लं, लाटेने उलटी पडायची नि परत समुद्राकडेच तोंड करून चालायला लागायची, लेक अजून तेच सांगत असते सगळ्यांना. दुसरी तिने गोगलगाय घेतलीय. पण पावसाळ्यात आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर ढिगाने गोगलगायी असतात, त्या कुठे धोक्यात आल्या?

लातूरकर: ताई, शंखी गोगलगाय असेल तर ती नका घेऊ. २०२२ला आमचं कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं, दुबार पेरणी करावी लागली. पहाटे उठून पोत्यात वेचायचो आणि मिठाच्या पाण्यात टाकायचो. ती मूळची आफ्रिकेची, इथली नाहीच.

रानवाट: दादा, त्याच आफ्रिकन गोगलगायीपायी पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर काय झालं बघा. तिथेही ती शेतात माजली, म्हणून तिला खायला १९७४मध्ये फ्लोरिडाकडची मांसाहारी गोगलगाय आणून सोडली, १९७७मध्ये शेजारच्या मूरेआ बेटावरही. तिने खाल्ल्या तिथल्या पार्टुला नावाच्या गोगलगायी, बोटाच्या पेराएवढ्या, कुणाचं काही न बिघडवणाऱ्या. दहा वर्षांत मूरेआच्या जंगलात जवळपास एकही उरली नाही!
ताई, तुलना इथेच करायला सांगा. ऑलिव्ह रिडले, म्हणजे वेळासचं कासव, एका घरट्यात शंभरेक अंडी घालते, पण पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून मासेमारी ट्रॉलरच्या जाळ्यात श्वास कोंडून एक मोठी मादी गेली की फार मोठं नुकसान. अंडीचोर, कुत्री, कोल्हे आहेतच. तरी तिला अख्खा समुद्र आहे, एका किनाऱ्यावर घात झाला तरी दुसरीकडे घरटी असतात. पार्टुला अंडी घालत नाही, एका वेळी एकच जिवंत पिल्लू देते आणि तिच्या काही जातींचं सगळं जग म्हणजे एकच बेट. तिथे एक शत्रू घुसला की पळणार कुठे?

सातवीतलीची आई: वाचून दाखवलं तर रडवेली झाली हो, म्हणते सगळ्या संपल्या का?

रानवाट: नाही, तिला सांगा काही आधीच उचलून नेल्या होत्या. लंडनच्या आणि इतर प्राणिसंग्रहालयांनी डब्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आणि २०१५पासून परत बेटांवर सोडतायत. सोडताना प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका देतात, अंधारात खास दिव्याखाली चमकणारा. मग मूरेआत ठिपका नसलेल्या मोठ्या गोगलगायी सापडल्या, म्हणजे जंगलातच जन्मून वाढलेल्या.

सातवीतलीची आई: ठरलं, पार्टुलाच. चित्र काढायला बसलीसुद्धा, दोन गोगलगायी काढल्यात, एकीला लाल ठिपका आणि दुसरी कोरी.