फेलाइन ल्युकेमिया पॉझिटिव्ह बोक्यासाठी घर कसं शोधावं?

प्रश्न: भटका बोका, अंदाजे 2 वर्षांचा, माणसाळलेला. नसबंदीआधी रॅपिड चाचणी केली: ल्युकेमिया (मांजरांचा विषाणूजन्य रोग) पॉझिटिव्ह, एफआयव्ही (मांजरांमधला एचआयव्हीसारखा, प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) निगेटिव्ह. खाणंपिणं व्यवस्थित, ताप नाही. सध्या बंद खोलीत ठेवलाय, घरात आधीच्या 2 मांजरी आहेत. पुन्हा रस्त्यावर सोडायचा नाही. एकाने घ्यायची तयारी दाखवलीये, पण त्यांच्याकडे एफआयव्ही पॉझिटिव्ह मांजर आहे. दोघंही आजारीच, मग चालेल ना?

मिशाळ: नाही, तिथे मुळीच देऊ नका. हे दोन वेगळे विषाणू आहेत. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, ल्युकेमिया मात्र लाळेतून. एकमेकांना चाटणं, एकाच भांड्यात खाणंही पुरतं. त्या मांजरीची प्रतिकारशक्ती आधीच कमकुवत, तिला दुसरा रोग जडेल. याला दुसरं मांजर नसलेलं घर हवं, नाहीतर ल्युकेमिया पॉझिटिव्ह मांजरांचंच. कुत्रा किंवा लहान मुलं असली तर हरकत नाही, हा विषाणू त्यांना होत नाही.

खिडकीतली: त्याआधी निदान पक्कं करा. रॅपिड किट रक्तातलं पी-27 हे विषाणूचं प्रथिन शोधतं, आणि धडधाकट दिसणाऱ्या मांजरात ते कधी कधी चुकीचं पॉझिटिव्ह दाखवतं. प्रयोगशाळेत पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करून घ्या, महिन्याभरानं प्रथिनाची चाचणी पुन्हा करा. काही मांजरांचं शरीर विषाणू दाबून टाकतं. तेव्हा पीसीआर पॉझिटिव्ह पण प्रथिन निगेटिव्ह येतं, आणि अशा मांजराचं भविष्य बरंच चांगलं असतं. घर देणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा, म्हणून घाईने पहिल्या रिपोर्टवर जाहिरात टाकू नका.

घरातल्या मांजरींचीही चाचणी करा. त्या याच्या संपर्कात आल्या असतील, तर शेवटच्या संपर्कानंतर किमान 30 दिवसांनी पुन्हा. निगेटिव्ह असतील तर लस द्या: 3 ते 4 आठवड्यांच्या अंतराने 2 डोस. लस शंभर टक्के संरक्षण देत नाही, त्यामुळे लस झाली म्हणून एकत्र सोडू नका.

प्रश्नकर्ता: कपड्यांवरून, हातांवरून रोग घरात पसरेल का?

मिशाळ: शक्यता फार कमी. शरीराबाहेर, कोरड्या जागी हा विषाणू काही तासांतच मरतो, साध्या साबणानेही जातो. तरी भांडी आणि वाळूचा ट्रे वेगळा ठेवा, आणि घरच्या मांजरींचं आधी करून मग बोक्याकडे जा. याच क्रमाचा खरा फायदा घरच्या मांजरींना, कारण बोक्याचा विषाणू हातांवरून त्यांच्याकडे जात नाही. बोक्यालाही जपा, बाहेरचा साधा सर्दीचा जंतूही त्याला महाग पडू शकतो.

उनाडमाऊ: जाहिरातीत रोगाचं नाव दुसऱ्याच वाक्यात लिहा. फोनवर उशिरा सांगितलं की लोक दुरावतात, लपवलं तर मांजर परत येतं किंवा दुसऱ्या मांजरांना रोग होतो. नसबंदी झालेली असावी, दोन्ही रिपोर्ट सोबत द्या. घेणाऱ्याला स्पष्ट सांगा: कायम घरातच, खिडक्यांना जाळी, कच्चं मांस नाही, दर 6 महिन्यांनी वजन, हिरड्या आणि रक्ताची तपासणी. हिरड्या फिक्या पडणं, वजन घटणं, सतत ताप येणं म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. विषाणू रक्तात टिकून राहिला तर बरीच मांजरं 2-3 वर्षांत जातात, काही जास्त जगतात, हेही लिहा. हे वाचूनही जो फोन करेल, त्याच्याकडे बोका सुरक्षित. "काही अडलं तर माझ्याकडेच परत आणा" हे लेखी करून घ्या.