विंडोज ७ बीटा: एक्सपीवरून थेट उडी मारावी का?

पत्रिकावाला (इचलकरंजी) | ६ फेब्रुवारी २००९

मंडळी, माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावती पुस्तकं, मधूनच एखादी स्मरणिका. दोन मशीन, दोन्हींवर विंडोज एक्सपी. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने नव्या पीसीवरची व्हिस्टा (एक्सपीनंतरची विंडोज) पैसे देऊन काढून घेतली आणि परत एक्सपी टाकली, ते बघून मी तिला दुकानाचा उंबरा ओलांडू दिला नाही. म्हटलं, पुढची येईल ती घेऊ.

आता भाचा विंडोज ७ च्या बीटाची (चाचणीच्या आवृत्तीची) डीव्हीडी घेऊन आलाय. त्याच्या लॅपटॉपवर बघितली. खिडकी स्क्रीनच्या कडेला ओढली की बरोब्बर अर्ध्या भागात बसते. डावीकडे पार्टीने दिलेला स्कॅन केलेला मजकूर, उजवीकडे माझं टायपिंग! मी तिथेच विरघळलो.

अडचण अशी, की माझं मराठी सॉफ्टवेअर २००१ चं. प्रिंटर पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरची चोरी टाळणारी छोटी किल्ली) लावलं तरच चालतं. त्याच डोंगलच्या पाठीवर प्रिंटरची जाड केबल, ट्रेसिंग (छपाईसाठीचे पारदर्शक कागद) त्यावरच निघतात. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर "नवीन व्हर्जन घ्या" एवढंच ऐकायला मिळतं. बीटा आत्ताच टाकू, की फायनलची वाट बघू? लगीनसराई चालू आहे, हे ध्यानात घेऊन सांगा.

रात्रपाळी | ६ फेब्रुवारी

बाकी जाणकार सांगतीलच. कुणाला उतरवायची असेल तर १० तारखेच्या आत चालू करा, नंतर नवीन डाउनलोड बंद. मायक्रोसॉफ्टवाले आधी २५ लाख लोकांनाच देणार होते, पण पहिल्याच दिवशी सर्व्हर झोपले, मग ती मर्यादा काढली. ३२ बिटची आयएसओ (डीव्हीडीची फाइल) २.४४ जीबी आहे. बीएसएनएलचा रात्री २ ते ८ फुकटवाला प्लॅन असेल तर एका रात्रीत होते. हिंदीतही आहे, पण फक्त ३२ बिट.

जुना_सीपीयू (सांगली) | ७ फेब्रुवारी

पत्रिकावाले, दुकानाच्या मशीनवर अजिबात नको. बीटा १ ऑगस्टला संपते आणि त्याआधी १ जुलैपासून दर दोन तासांनी आपोआप बंद पडायला लागेल. ट्रेसिंग अर्धवट आणि पार्टी समोर बसलेली, चालेल का?

पण तुमचा खरा घोटाळा वेगळा आहे. "व्हिस्टा टाळली, आता ७ घेऊ" असं सगळेच म्हणतायत. अहो, आतून ही व्हिस्टाचीच धाकटी बहीण! कमांड प्रॉम्प्ट उघडून `ver` टाइप करा, ६.१ दिसेल. व्हिस्टा ६.०, एक्सपी ५.१. म्हणजे मोठी भिंत एक्सपी आणि व्हिस्टाच्या मध्ये आहे, आणि ७ भिंतीच्या पलीकडे. व्हिस्टावर जे अडतं त्यातलं बहुतेक इथंही अडणार. उलट व्हिस्टाचा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र विंडोजला ओळखायला लावणारा प्रोग्राम) असला तर तो बहुतेक वेळा इथं चालून जातो. त्यामुळे वाट फायनलची बघू नका, डोंगलच्या ड्रायव्हरची बघा.

आता असं करा. एखादी जुनी हार्ड डिस्क असेलच, १६ जीबी मोकळी लागते. एक्सपीच्या डिस्कची केबल काढून ठेवा, मगच ७ टाका. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर सेटअप बूटच्या फाइली तुमच्या एक्सपीच्या डिस्कवर लिहून मोकळा होतो. आणि ३२ बिटच घ्या. ६४ बिटवर १६ बिटचे जुने सेटअप उघडतसुद्धा नाहीत, वर ड्रायव्हरला डिजिटल सही लागते. जुन्या डोंगलच्या ड्रायव्हरला ती कोण देणार?

फॉन्टची काळजी करू नका. तुमचे फॉन्ट साधे टीटीएफ असणार, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी बसवलेले. ते कुठेही दिसतात. घोडं अडतं ते कीबोर्डच्या प्रोग्रामपाशी आणि डोंगलपाशी.

घाई तर मुळीच नको. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट एप्रिल २०१४ पर्यंत आहेत.

मऊभात | ७ फेब्रुवारी

एवढं घाबरवू नका हो. १ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी रोज वापरतोय, व्हिस्टापेक्षा हलकी वाटते. फक्त गाणी चालवायच्या आधी एमपी३ चा पॅच टाका, नाहीतर काही फाइलींची सुरुवातीची काही सेकंदं कायमची उडतात. युएसीची (बदल करण्याआधी परवानगी विचारणारी सोय) पट्टी सगळ्यात वर न्या. मधल्या ठिकाणी असताना एखादी स्क्रिप्ट न विचारता ती बंद करू शकते, असं बाहेर आलंय. मायक्रोसॉफ्ट आधी "असंच ठेवलंय" म्हणाली, परवा बदलायला तयार झाली. प्रत्येक खिडकीच्या वर "सेंड फीडबॅक" आहे, जे अडेल ते लिहा. बीटा त्यासाठीच असते.

पत्रिकावाला | १५ फेब्रुवारी

जुन्या ४० जीबीच्या डिस्कवर टाकली. सीडीवरचा डोंगलचा ड्रायव्हर बसलाच नाही. मग डोंगल उलटं करून बारीक अक्षरातलं, ते बनवणाऱ्यांचं नाव वाचलं आणि त्यांच्या साइटवरून व्हिस्टाचा ड्रायव्हर घेतला. लगेच ओळखलं! जुना_सीपीयू, तुम्हाला आमच्याकडून चहा आणि कांदाभजी.

प्रिंटर विंडोजच्याच यादीत मिळाला. कीबोर्डचा प्रोग्राम मात्र "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" केल्याशिवाय उठत नाही. आणि उठल्यावर रफार पुढच्या अक्षरावर जातो. "सूर्यवंशी" हे आडनाव माझ्या धंद्यात रोज लागतं, आणि तेच नीट उमटत नाही.

जुना_सीपीयू | १५ फेब्रुवारी

प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, थेट सी ड्राइव्हमध्ये नवा फोल्डर करून तिथं इन्स्टॉल करा. जुन्या प्रोग्रामना आपल्याच फोल्डरमध्ये सेटिंगची फाइल लिहायची सवय असते आणि इथं त्यांना ते करू देत नाहीत. तुमच्या रफाराचं मूळ तिथं असू शकतं.

पत्रिकावाला | ९ मे २००९

उशिरा लिहितोय, सीझन होता. फोल्डर बदलल्यावर रफार जागेवर आला. आता आरसी (फायनलच्या आधीची जवळपास पक्की आवृत्ती) आलीय, १ जून २०१० पर्यंत चालणार म्हणे. बीटावरच चढवता येते का? आणि ते एक्सपी मोड काय आहे?

जुना_सीपीयू | ९ मे

सरळ चढत नाही. डीव्हीडीतल्या सोर्सेस फोल्डरमध्ये `cversion.ini` फाइल आहे. तिच्यात ७०७७ चं ७००० केलं की सेटअप ऐकतो. पण तुमची डिस्क चाचणीचीच आहे, कोरी करून टाका. एक्सपी मोड म्हणजे ७ च्या आतच एक्सपी चालवायची सोय. त्याला प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशन लागतं. तुमचा कोणता?

पत्रिकावाला | १० मे

ई२१६०.

जुना_सीपीयू | १० मे

मग विसरा. त्यात नाही.