एम्युलेटरला माझाच सर्व्हर सापडेना: लॅपटॉपवर चालतोय, ॲपमध्ये 'फेल्ड टू कनेक्ट'

कृष्णाकाठचा:
मंडळी, तीन रात्री गेल्या, आता डोकं चालेना. आमचं वाळव्याकडं दूध संकलन केंद्र आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सगळं वहीत, आणि दर दहा दिवसांनी बिलं काढायला आख्खं घर त्या वहीभोवती. त्यासाठी अँड्रॉइड ॲप करतोय: कोटलिन भाषा, सर्व्हरशी बोलायला रेट्रोफिट, मागे सर्व्हरला जँगो. जँगोचा 'रनसर्व्हर' लॅपटॉपवर लावलाय आणि ॲप एम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या आभासी फोनात, चालवतोय. लॅपटॉपच्या क्रोममध्ये लोकलहोस्ट:८००० (लोकलहोस्ट म्हणजे 'हेच यंत्र') टाकलं की उत्पादकांची यादी झकास येते. ॲपमध्ये तोच पत्ता दिला की लॉगकॅट (अँड्रॉइडची एरर-नोंद) म्हणतं, "फेल्ड टू कनेक्ट टू लोकलहोस्ट/१२७.०.०.१:८०००". वायफायचा १९२.१६८ वाला पत्ता एम्युलेटरच्या क्रोममध्ये टाकून पाहिला, तिथंही 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. गूगल मात्र त्याच क्रोममध्ये मस्त उघडतं.

फायरवॉल बंद केली, एम्युलेटर पुसून नवा केला, अँड्रॉइड स्टुडिओसुद्धा परत टाकला (मोबाइलच्या नेटवर, दिवसाचा कोटा त्यातच संपला). मित्राच्या मॅकवर आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये लोकलहोस्ट बिनबोभाट चालतं, तो वर हसतोय.

खटपट्या:
पहिल्यांदा फायरवॉल परत चालू कर, तिचा यात काही दोष नाही.

एम्युलेटर हा वेगळा फोन धरून चाल. त्याच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो फोन स्वतःच, आणि त्या फोनवर तुझा जँगो कुठाय? अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर एका आभासी राउटरमागे बसतो. फोनचा स्वतःचा पत्ता १०.०.२.१५, राउटर १०.०.२.१, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) १०.०.२.३. आणि तुझ्या लॅपटॉपचा लोकलहोस्ट आतून १०.०.२.२ या पत्त्यावर मिळतो. मित्राचा सिम्युलेटर थेट मॅकचंच नेटवर्क वापरतो, म्हणून त्याचं हसणं फुकटचं आहे.

१९२.१६८ ला नकार का? नुसतं 'रनसर्व्हर' लावलं की जँगो फक्त १२७.०.०.१ वर ऐकतं. वायफायच्या पत्त्यावर दार वाजवलं तर उघडायला कुणी नाही.

आता ॲपला हात लावू नकोस. एम्युलेटरच्या क्रोममध्ये १०.०.२.२:८००० उघड आणि काय दिसतं ते जसंच्या तसं इथं लिही.

कृष्णाकाठचा:
दादा, पिवळ्या पट्टीचं पान आलं: "इनव्हॅलिड एचटीटीपी होस्ट हेडर". राहवलं नाही म्हणून ॲपमध्येही पत्ता बदलला, तर तिथं वेगळंच: "क्लिअरटेक्स्ट कम्युनिकेशन टू १०.०.२.२ नॉट परमिटेड बाय नेटवर्क सिक्युरिटी पॉलिसी". एकाचे दोन एरर झाले की!

टेस्टरताई:
अरे, मग पेढे वाट! ते पिवळं पान तुझ्या जँगोनंच पाठवलंय, म्हणजे नेटवर्कचा प्रश्न मिटला. पान नीट वाच, उपाय त्याच ओळीत लिहिलेला असतो: 'अलाउड होस्ट्स'मध्ये १०.०.२.२ घाल, सोबत लोकलहोस्टही घाल. ती यादी रिकामी असली की डीबग मोडमध्ये जँगो फक्त लोकलहोस्ट आणि त्याच्या भावंडांना आत घेतं.

दुसरा एरर अँड्रॉइडचा. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे ॲपचा टार्गेट एपीआय (ज्या अँड्रॉइडसाठी ॲप बांधलंय त्याचा नंबर) २८ किंवा पुढचा असेल तर, साधं, कुलूप नसलेलं एचटीटीपी, म्हणजेच क्लिअरटेक्स्ट, मुळातच बंद असतं. कुठल्या पत्त्याला ते चालू ठेवायचं हे सांगणारी नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिगची फाइल तू कुठून तरी उचलून आणली असणार आणि तिच्यात लोकलहोस्ट तेवढं चालू असणार. तसं नसतं तर आधीही हाच एरर दिसला असता. तिथं १०.०.२.२ ची ओळ वाढव. मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या मुख्य माहितीच्या फाइलीत) सरसकट 'यूझेस क्लिअरटेक्स्ट ट्रॅफिक' ट्रू करू नकोस, लोकांच्या बिलाचे आकडे आहेत. फाइल डीबगच्या फोल्डरमध्ये ठेव, म्हणजे लोकांना द्यायच्या रिलीजमध्ये ती जाणारच नाही.

आणि पिंग करून काही ठरवू नकोस. एम्युलेटरमध्ये पिंग चालेलच असं नाही, मी त्यापायी एक आख्खी दुपार घालवलीय. माझं दुखणं तर निराळंच होतं: "अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट". एम्युलेटर सुरू होताना लॅपटॉपचं डीएनएस उचलतो आणि मी ऑफिसचं व्हीपीएन नंतर लावायचे. व्हीपीएन लावून मग कोल्ड बूट केलं, म्हणजे एम्युलेटर पार बंद करून नव्यानं सुरू केला, की गाडी रुळावर.

कृष्णाकाठचा:
ताई, फाइल निघाली! जुन्या प्रोजेक्टमधून मीच चिकटवली होती, पार विसरलो होतो. दोन ओळी घातल्या आणि यादी आली. रात्रीचे पावणेदोन वाजलेत, ओरडताही येईना. आता हेच बाबांच्या खऱ्या फोनवर दाखवायचंय. १०.०.२.२ तिथं चालेल का?

खटपट्या:
नाही, तो पत्ता एम्युलेटरपुरताच. यूएसबी डीबगिंग चालू करून केबल लाव आणि लॅपटॉपवर 'एडीबी रिव्हर्स टीसीपी:८००० टीसीपी:८०००' ही कमांड चालव. मग फोनच्या लोकलहोस्ट:८००० ला आलेलं सगळं केबलवरून लॅपटॉपवर येतं. ॲपमध्ये पत्ता परत लोकलहोस्ट कर. जुनी फाइल इथं कामाला येईल.

कृष्णाकाठचा:
चाललं, आभार. बाबांनी यादी वरखाली केली, स्वतःचं नाव शोधलं, आणि फोन शेजारच्या काकांना दाखवायला उचलला तो केबलसकट. केबल निसटली, काकांसमोर यादी रिफ्रेश केली, आणि पुन्हा तेच 'फेल्ड टू कनेक्ट'. आता विचारतायत, "तुझं ॲप वायरीवर चालतं व्हय रे?"